शंभर रुपयांचा स्टॅम्प

नवरा वारून आठ महिने झाले होते, मुलगी सव्वाचार वर्षांची. सुप्याच्या ओढ्याकाठी बाभळीखाली जातीचे पंच बसले. सासरच्यांचं म्हणणं एकच, मूल कुळाचं. आई माहेरी गेली की तिचा हक्क संपला. निवाडाही तोच झाला. मुलगी चुलत्याकडे राहील, भेटायचं तर आधी दंड भरायचा, कोर्टाची पायरी चढलीस तर वाळीत. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं की मुलीवर माझा हक्क राहिला नाही. मी सातवी शिकलेय. सगळं वाचलं आणि तरी सही केली.

पुढची दोन वर्षं पंचांच्याच दारात गेली. कधी दंड कमी करा म्हणून, कधी निदान दिवाळीला तरी दाखवा म्हणून. शेवटी ऊसतोडीच्या टोळीतल्या एका बाईनं बारामतीच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे नेलं. बाईमाणसाला आणि अनुसूचित जमातीला तिथं फुकट वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. १९८७ चा कायदा आहे, मला कुणी सांगितलाच नव्हता.

वकीलबाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, याला रद्दीची किंमत आहे. पंचांना आईचा हक्क काढता येत नाही आणि आईलाही तो स्टॅम्पवर सोडता येत नाही. मूल सोपवायचंच असलं तर बालकल्याण समितीपुढं जावं लागतं आणि तिथंही फेरविचाराला दोन महिने मिळतात.

‘आपल्याला सरकारी कायदा नाही,’ असं पंच सांगायचे. त्यात तथ्य एवढंच, की १९५६ चा हिंदू पालकत्व कायदा आमच्यासारख्या अनुसूचित जमातींना लागत नाही. पण १८९० चा पालक आणि पाल्य कायदा जातधर्म न बघता सगळ्यांना लागतो. आई किंवा बाप हयात असेल आणि कोर्टाच्या मते नालायक नसेल, तर दुसऱ्याला पालक नेमता येत नाही. यात ‘आई’ हा शब्द आला २०१० च्या दुरुस्तीनं. त्याआधी फक्त बाप होता!

नालायक कोण, ते पुराव्यानं ठरतं. मारहाण, हेळसांड, मूल टाकून जाणं, पोराला धोका होईल असं व्यसन. नुसत्या गरिबीनं आई नालायक ठरत नाही. कोर्टात समोरच्यांनी माझ्या ऊसतोडीचा मुद्दा काढलाच. जज्जसाहेबांनी विचारलं, तू फडात असताना पोरगी कुणाकडे? माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. तुम्ही आधीच ठरवून जा. आजी सांभाळणार असेल तर तिला सोबत न्या.

माझं खरं नुकसान त्या दोन वर्षांनी केलं. कोर्ट आईचा हक्क मोजत बसत नाही, पोराचं हित बघतं. मुलगी सहा वर्षांची झाली होती. मला बघून ती चुलतीच्या पदराआड लपली. म्हणून आधी महिन्यातून दोनदा भेट, मग सुट्टीत राहणं, आणि ताबा मिळायला आणखी दीड वर्ष. पहिल्याच आठवड्यात गेले असते तर लपली नसती.

तेव्हा बायांनो, बैठकीत सही नको, अंगठा नको. घेतलाच असेल तरी घाबरू नका. जन्माचा दाखला आणि लसीचं कार्ड माहेरी ठेवा. मूल ओढून आणू नका, तेच तुमच्यावर उलटतं. जिथं मूल नेहमी राहतं, त्या भागातल्या जिल्हा न्यायालयात अर्ज टाका. वाळीत टाकण्याविरुद्धचा कायदा जुलै २०१७ पासून राज्यात लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोलिसांत अर्ज दिला तर पोच घेतल्याशिवाय उठू नका.

ताबा मिळाला त्या दिवशी तो स्टॅम्प जाळायचा माझा बेत होता. सुप्याला ते नवं नाही. १२ मे १८७५ ला इथल्याच बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली होती. पण वकीलबाईंनी कागद आधीच काढून घेतला होता. पंचांविरुद्ध तोच पुरावा होता. आता तो फाइलीत आहे, निशाणीचा नंबर पडलेला.