जुनी स्पोर्ट्स कार : स्वस्त सौद्याचा खरा हिशेब

मालाची किंमत वेगळी आणि तो बाळगण्याचा खर्च वेगळा, हे प्रत्येक व्यापारी जाणतो. तरीही जुन्या स्पोर्ट्स कारच्या सौद्यात भलेभले फसतात. उदाहरण म्हणून आम्ही माझदा या जपानी कंपनीची आरएक्स-८ ही गाडी घेत आहोत. ब्रिटनच्या जुन्या बाजारात ती तिच्या ताकदीच्या मानाने स्वस्त मिळते. ती स्वस्त का, हे समजून घेऊ.

ही गाडी २००३ ते २०१२ या काळात तयार झाली. तिच्या इंजिनात पिस्टन नाहीत. दोन तिकोनी रोटर फिरतात. प्रत्येकी ६५४ सीसी, म्हणजे एकूण १.३ लिटर. एवढ्या लहान इंजिनातून वरच्या मॉडेलला सुमारे २३० अश्वशक्ती मिळते. गिऱ्हाईक भुलते ते इथेच.

पेट्रोल : रोटरी इंजिनात इंधन जळण्याची जागा लांबट व चपटी असते. उष्णता भिंतींत वाया जाते आणि काही इंधन न जळताच बाहेर पडते. अमेरिकी सरकारी मोजणीनुसार सुरुवातीच्या मॅन्युअल गिअरच्या मॉडेलला लिटरमागे साधारण ७.६ किलोमीटर पडतात. वर्षाला १५,००० किलोमीटर धरले तर सुमारे १,९७० लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १२ किलोमीटर देणाऱ्या गाडीला १,२५० लिटर पुरते. दरवर्षी ७२० लिटरांचा फरक!

ऑइल : रोटरच्या टोकांवरील सील झिजू नयेत म्हणून हे इंजिन मुद्दामच थोडे ऑइल आत सोडते व जाळते. हा बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे. मात्र ऑइलची पातळी वरचेवर पाहिली नाही तर मालकाला महागात पडते.

दुरुस्ती : सील झिजले की कॉम्प्रेशन उतरते आणि तापलेले इंजिन पुन्हा सुरू होत नाही. मग ते पूर्ण खोलून नव्याने बांधावे लागते. हे काम जाणणारे मेकॅनिक थोडे, म्हणून मजुरीही जास्त. अमेरिकेत कंपनीने २००४ ते २००८ च्या मॉडेलांच्या इंजिनाची हमी ८ वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली होती. ती मुदत केव्हाच संपली. आता सारा भार मालकावर आहे.

कर : ब्रिटनमध्ये या गाड्यांचा वार्षिक कर धुरातील कार्बनवर ठरतो. २३ मार्च २००६ पूर्वी नोंदलेल्या गाडीला सवलतीची मर्यादा आहे. त्या दिवशी वा नंतर नोंदलेलीला वरचा दर लागतो. म्हणजे वर्षभराने नवी गाडी घेणारा दरसाल जास्त भरतो.

सौद्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. गाडी वीस मिनिटे चालवून बंद करावी आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू करून पाहावी. कॉम्प्रेशनची तपासणी रोटरीसाठीच्या खास उपकरणाने करून घ्यावी. साधे मीटर रोटरच्या तिन्ही बाजूंचा वेगवेगळा आकडा देत नाही. तिसरे, सर्व्हिसच्या पावत्या मागाव्यात.

आमचा सल्ला एवढाच : इंजिन नव्याने बांधण्याचा दर आधी विचारावा आणि तो मागितलेल्या किमतीत मिळवावा. जी बेरीज येईल, तीच गाडीची खरी किंमत. ती खिशाला परवडत असेल तरच बयाणा द्यावा.