चेंबर वाचवायचा असेल तर

अगं, जिम्नी घेतलीस हे झकास केलंस. पण गाडी दारात येते न येते तोच तू मला कोटेशन पाठवलंस: पुढून मागपर्यंत सगळं पोट झाकणारा संरक्षक पत्र्याचा चार तुकड्यांचा संच, काळा कुळकुळीत, त्यावर दुकानाचं नाव कोरलेलं. खाली एकच ओळ, ‘मामा, घेऊ का?’

नको घेऊस. निदान आत्ता नको. पत्रा गाडीचा फोटो बघून घ्यायचा नसतो, गाडीखाली झोपून घ्यायचा असतो. एखाद्या रविवारी गॅरेजवर ये. गाडी रॅम्पवर चढवू आणि दोघं मिळून तिचं पोट बघू. तोवर हे वाचून ठेव.

पुढचा आणि मागचा, दोन्ही अ‍ॅक्सल तुझ्या गाडीला अखंड आहेत. म्हणजे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सरळ दांडा आणि त्यात डिफरन्शियलचा गोळा. कंपनी २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स सांगते ना, तो या गोळ्याखालचा. बाकीचं पोट त्याच्या वरच आहे. लोक स्प्रिंगा उंच करून घेतात आणि गाडी उचलली म्हणून खूश होतात. पोट वर जातं हे खरं, पण गोळा जागचा हलत नाही, कारण तो चाकांना जोडलेल्या दांड्यातच अडकलेला असतो. तो वर न्यायचा तर टायर मोठे हवेत आणि तिथंही हाती फारसं लागत नाही. तुझ्या १९५/८० आर १५ च्या जागी २१५/७५ घातलेस तरी गोळा उचलला जातो जेमतेम पाच मिलिमीटर.

तुझ्या त्या मित्राच्या थारचं गणित वेगळं. तिला पुढं अखंड दांडा नाही, दोन्ही चाकं सुटी वरखाली होतात आणि पुढचं डिफरन्शियल चासीला टांगलेलं असतं. गाडी खड्ड्यात आदळून स्प्रिंग दबली की गोळा, चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं), क्रॉस मेंबर सगळं एकदम जमिनीकडं येतं. म्हणून थारला चेंबरखालचा पत्रा आधी. तुझ्याकडं इंजिनाच्या चेंबरच्या आसपास अ‍ॅक्सल आडवा असल्यामुळं दगडाचा पहिला मार बहुतेक वेळा तोच खातो. तुला आधी जपायचे ते दोन्ही गोळे, पुढच्या अ‍ॅक्सलजवळचे स्टिअरिंगचे रॉड आणि मधला ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी. मित्रानं थारला काय लावलं ते बघून तू लावू नकोस.

ट्रान्सफर केसचं एवढं कशाला, विचारशील. तीन दरवाज्यांची जिम्नी आखूड, २२५० मिलिमीटर व्हीलबेसची. आपल्याकडं विकतात ती पाच दरवाज्यांची, २५९० ची. चाकांमधलं अंतर वाढलं की उंचवटा ओलांडताना पोट टेकायला लागतं. आखूड गाडीला पोट न टेकता २८ अंशांचा उंचवटा पार होतो, तुझ्या गाडीला २४ अंशांचा. हे चार अंश बांधावर चढलीस की कळतात. पुढची चाकं उतरलेली, मागची चढायची आहेत आणि मधोमध गाडी खर्रकन टेकलेली. आपल्याकडं हे दगडापेक्षा मातीतच जास्त होतं. पावसाळ्यात ट्रॅक्टर जाऊन जाऊन चाकोऱ्या खोल होतात, मधला उंचवटा तसाच राहतो आणि उन्हानं दगडासारखा वाळतो. ट्रॅक्टरचं पोट उंच, त्याला पत्ता लागत नाही. मागून जाणारी तुझी गाडी मात्र त्या उंचवट्यावर बसते.

आता खरा कानमंत्र. पैसे खर्च करायच्या आधी गाडीच्या पोटाला चुन्याचा हात मार. गोळ्यांना, क्रॉस मेंबरला, शॉकअपच्या खालच्या ब्रॅकेटला, चासीच्या खालच्या कडेला. सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तेवढं सोड. चुना वाळू दे आणि तू नेहमी जातेस त्याच वाटांनी दोन-चार वेळा जाऊन ये. पाण्यात मात्र घालू नकोस. परत आलीस की टॉर्च घेऊन खाली झोप. चुना जिथं खरवडला गेला असेल, तिथं तुझ्या गाडीला पत्रा हवा. जिथं पांढरा तसाच राहिला, तिथं दुकानदाराला हवा.

बघताना ओरखडा कसला आहे तेही बघ. सरळ लांब रेघ असेल तर गाडी घसरत पुढं गेली, तिथं साधा पत्रा चालतो. पोचा असेल तर वजन आदळलं आहे, तिथं जाडी लागते. कोकणात उतरलीस तर खाली जांभा. तो काळ्या दगडापेक्षा मऊ, पण कानसीसारखा खरखरीत. रंग घासून नेतो, मोडत सहसा काही नाही. घाटमाथ्यावरचा काळा फत्तर सरळ पोचा पाडतो. मागच्या डिफरन्शियलच्या हाउसिंगचा पत्रा असा आत दबला की कधी कधी क्राउनला घासायला लागतो. गाडीतून बारीक किरकिर येते, लोक बेअरिंग बदलत बसतात.

धातूचं सांगतो. एम एस, म्हणजे आपलं साधं लोखंड, ३ मिलिमीटर जाडीचं. ८० बाय ६० सेंटिमीटरचा एक तुकडा धरला तर वजन सव्वाअकरा किलोच्या आसपास. तेवढाच ताठपणा अ‍ॅल्युमिनियममध्ये हवा तर जाडी साधारण साडेचार मिलिमीटर घ्यावी लागते आणि तरी वजन सहा किलोच्या आत राहतं. कागदावर अ‍ॅल्युमिनियम जिंकतं. दगडावर मात्र लोखंड घसरतं आणि अ‍ॅल्युमिनियम चिकटतं. दगडाचा कोपरा त्यात रुततो आणि गाडी तिथंच अडते. शिवाय लोखंड वाकलं तर वेल्ह्यात, भोरमध्ये, कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं घण मारून सरळ होतं, तडा गेला तर साध्या वेल्डिंगनं जोडता येतं. अ‍ॅल्युमिनियमला टिग वेल्डिंग लागतं. टी ६ लिहिलेलं कडक अ‍ॅल्युमिनियम असलं तर वेल्डिंगच्या आजूबाजूची ताकद उतरते ती वेगळीच. कोकणच्या खाऱ्या हवेत लोखंडी बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा एकत्र आले की भोकाभोवती पांढरी भुकटी धरते आणि भोक सैल होतं. माझं मत विचारशील तर सह्याद्रीत फिरणाऱ्याला लोखंडच. स्पितीला, लडाखला जाऊन हजारो किलोमीटर नुसता रस्ता कापणाऱ्याला अ‍ॅल्युमिनियम. हल्ली जाड प्लॅस्टिकचेही पत्रे येतात, पॉलिथिलीनचे. घसरतात फार छान, पण १३०-१३५ अंशांना वितळतात. सायलेन्सरच्या आसपास त्यांचं काम नाही.

पत्र्यापेक्षा तो कशाला बांधलाय याकडं जास्त लक्ष दे. चासीच्या दोन्ही पट्ट्यांना बांधलेला असेल तरच घे. इंजिनाला, गिअरबॉक्सला किंवा पातळ पत्र्याच्या ब्रॅकेटला लटकवलेला असेल तर दगडाचा धक्का जिथं पोचू नये तिथंच पोचतो. इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर हलत असतं, म्हणून पत्रा आणि चेंबर यांच्यात दोन-अडीच सेंटिमीटर मोकळी जागा हवीच. दुकानदाराला सांगायचं, या पत्र्याखाली लाकडी ठोकळा आणि जॅक लावून गाडीचा पुढचा भाग उचलून दाखव. आजूबाजूला घोड्या लावलेल्या असू देत, खाली कुणी जायचं नाही. पत्रा वर दबून चेंबरला टेकला तर हात जोडून निघायचं. चांगला कारागीर या परीक्षेला कधी नाही म्हणत नाही. जो म्हणतो, ‘अहो मॅडम, एवढी गरज नसते,’ त्याचा पत्रा खडी उडते तेवढीच अडवायला ठीक.

दोन तुकडे एकापाठोपाठ असतील तर कौलं घालतात तसे घ्यायचे: पुढच्याची मागची कड मागच्याच्या पुढच्या कडेखाली. उलटं असलं की दगड सांध्यात अडकतो आणि तुकडा उपटतो. बोल्ट ८.८ ग्रेडचे किंवा वरचे, डोकी पत्र्यात बुडालेली. बाहेर डोकावणारं डोकं पहिल्याच घसटीत झिजतं, मग त्याला पाना लागत नाही आणि ऑइल बदलायच्या वेळी ग्राइंडर आणावा लागतो. बोल्ट घालताना आट्यांना ग्रीस चोळून घाल. ऑइल सोडायला आणि फिल्टर काढायला पत्र्यात भोक आहे का, तेही बघून घे. नसेल तर सर्व्हिस सेंटरची पोरं दर वेळी पत्रा खोलतील आणि परत लावताना एखादा बोल्ट हमखास विसरतील.

पोट पूर्ण झाकू नकोस म्हणतो त्याचं सर्वांत मोठं कारण वेगळंच आहे. डिसेंबरनंतर आपल्या सड्यांवरचं आणि माळावरचं गवत कडकडीत वाळतं. पत्रा आणि सायलेन्सर यांच्या सांदीत ते कोंबलं जातं, बाहेरून दिसत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चालत्या गाडीत काही शे अंशांवर असतो. तुझ्या मित्राच्या डिझेल गाडीत तर काजळी जाळताना एक्झॉस्ट सहाशे अंशांपर्यंत तापतो. गवतातून गाडी काढलीस की थांबून सांदीत बघायचं आणि अडकलेलं सगळं उपसायचं. गरम गाडी वाळल्या गवतावर उभीही करायची नाही. तसं कासच्या पठारासारख्या ठिकाणी गाडी गवतावर घालायचीच नसते, पण हे तुला सांगायला नको.

पावसाळा संपला की खंडेनवमीच्या आधी पत्रा उतरवायचा. उगाच वरून पाइप मारून धुवायचा नाही, पूर्ण खोलायचा. आत हाताच्या तळव्याएवढे लाल चिखलाचे थर निघतील, ओले. चासीला गंज तिथंच लागतो. धुऊन वाळव, घासलेल्या जागी रेड ऑक्साइड मार, वर काळा रंग, मग परत चढव. पावडर कोटिंगचे पैसे वाचव. पहिल्या दगडाला ते जातं.

वजनाचा हिशेब राहिला. तुझी गाडी रिकामी सुमारे १२०० किलोची, भरून १५४५ ला थांबायचं. चार मोठी माणसं बसली की उरतात साठ-पासष्ट किलो, त्यात तुमचे तंबू, पाणी, दोर. तुझ्या त्या संचात दीड चौरस मीटर पत्रा जरी धरला तरी लोखंडाचे ३५ किलो झाले, ब्रॅकेट वेगळे. म्हणून दोन्ही गोळ्यांना छोटे गार्ड, स्टिअरिंगच्या रॉडपुढं एक आणि ट्रान्सफर केसखाली एक पत्रा, बस. दाराखाली काही लावायचंच असेल तर चासीला बांधलेले स्लायडर. पाय ठेवायची शोभेची पट्टी नको, ती दगडाला लागली की दाराचा पत्राही वाकवते. दुकानदार सोबत पुढच्या बंपरचा क्रॅश गार्ड स्वस्तात देतो म्हणेल. तो घेऊ नकोस. पादचाऱ्याला तो घातक, एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडवतो आणि त्यावर कारवाई करा असं केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. पत्र्यासाठी चासीला नवीन भोकंही पाडू देऊ नकोस. कंपनीच्या मूळ भोकांत बसतो तोच घे आणि वॉरंटीचं काय ते शोरूममध्ये आधी लेखी विचारून ठेव.

आणि पत्रा लावलास म्हणून दगडावर जोरात जाऊ नकोस. गोळा अ‍ॅक्सलच्या मधोमध नसतो, एका बाजूला असतो. कुठल्या ते रॅम्पवर दाखवतो. ती बाजू लक्षात ठेवून चाक दगडावर चढवायचं, दगड चाकांच्या मधून काढायला जायचं नाही. एकाला खाली उतरवून वाट दाखवायला लाव.

एवढं करूनही कधी चेंबर फुटलाच, तर डॅशवर ऑइलचा लाल दिवा लागेल. दिवा दिसला की ‘गावापर्यंत जाऊ या’ नाही. तिथल्या तिथं इंजिन बंद कर आणि मला फोन कर. चेंबर बदलून मिळतो, इंजिन बांधायला लाखभर लागतात.