नवा कॉम्प्युटर चालू होत नाही तेव्हा: आत्याचे कानमंत्र

लेकरा, नांदेडहून एकेक भाग आणलास, रात्र जागून जोडलास, आणि बटण दाबलं तर मशीन ढिम्म. फोनवर तुझा आवाज ऐकूनच मला कळलं. आधी चहा घे. नव्यानं जोडलेलं मशीन पहिल्या दाबाला उठलं नाही म्हणजे काही जळलं, असं लगेच समजायचं नसतं. बहुतेक वेळा एखादी पिन अर्धी बसलेली असते, नाहीतर एखादी वायर लावायची राहिलेली असते. आपल्या आखाडा बाळापुरातून सुटा भाग बदलून आणायचा म्हणजे हिंगोली नाहीतर नांदेडची एसटी, दिवस मोडतो आणि खिसाही. म्हणून आधी घरबसल्या काय काय बघायचं ते सांगते. भिंतीपासून सुरू कर आणि एकेक पायरी आत जा.

१. सॉकेटला आधी मोबाइलचा चार्जर लावून बघ – तिथंच वीज नसेल तर आतलं उघडून काय मिळणार? भिंत मुकी, तर डबा मुका.

२. पॉवर सप्लायच्या मागं एक छोटं बटण असतं, त्यावर रेघ आणि गोल काढलेला असतो. रेघेची बाजू दाबलेली हवी – गोल म्हणजे बंद, मग समोरचं बटण तू रात्रभर दाबलंस तरी फरक पडायचा नाही.

३. एक्स्टेंशन बोर्ड आणि यूपीएस दोन्ही बाजूला ठेवून केबल थेट भिंतीत लाव – ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, त्यावर भार गेला की तो ओरडून बंद पडतो आणि बोल मात्र कॉम्प्युटरला लागतो.

४. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथंच थांब आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घे – सॉकेटला तिसरं भोक दिसतं म्हणून त्याची वायर जमिनीपर्यंत गेलीच आहे, असं नसतं. प्लगची तिसरी पिन मोडून दोन भोकांत घुसवायचा विचारही करू नकोस.

५. रब्बीत शिवारातल्या मोटारी चालू झाल्या आणि घरातला दिवा मंद झाला, की त्या घटकेला तपासणी करू नकोस – काही पॉवर सप्लाय २०० ते २४० व्होल्टवरच नीट चालतात, दाब पडला की धडधाकट मशीनही आपोआप रीस्टार्ट होतं.

आता आत. उघडण्याआधी केबल काढ, मग समोरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धर, म्हणजे साठलेली वीज निघून जाईल.

६. कुठल्याही भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लाव – हिवाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी असते, स्वेटर काढताना चटचट होतं ना, तीच वीज चिपला पुरे होते.

७. मदरबोर्डची २४ पिनांची मोठी केबल दोन्ही हातांनी दाब, कडीचा ‘टक्’ आवाज यायला हवा – तिचे २० आणि ४ असे दोन तुकडे असतात, कारण जुन्या बोर्डांना २०च पिना लागायच्या, आणि तो ४ पिनांचा तुकडाच नेमका वर राहतो.

८. प्रोसेसरची वेगळी केबल लावलीस का, ते बघ. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ८ पिनांची जागा असते. कूलर बसवल्यावर तिथं बोटं पोचत नाहीत, म्हणून ‘नंतर लावू’ म्हणत ती राहून जाते. पंखे फिरतात, लाइट लागतात आणि पडदा काळाच राहतो, त्याचं हे एक मोठं कारण. आणि नीट ऐक: ग्राफिक्स कार्डाची केबलही ८ पिनांचीच दिसते, पण दोघींतली वायरींची जागा उलटी असते. केबलवर ‘सीपीयू’ की ‘पीसीआयई’ काय छापलंय ते टॉर्च लावून वाच – जी केबल सहज बसत नाही ती चुकीची असू शकते, जोर लावून बसवू नकोस.

९. दुसऱ्या कंपनीच्या पॉवर सप्लायच्या सुट्या केबली घरात पडल्या असतील तरी यात वापरू नकोस – बोर्डाकडचं टोक सारखंच असतं, पॉवर सप्लायकडच्या पिनांची मांडणी मात्र प्रत्येकाची वेगळी. हार्ड डिस्क क्षणात जाते.

१०. समोरच्या बटणाच्या बारीक वायरी बोर्डाच्या पुस्तिकेतलं चित्र बघूनच लाव – पॉवर स्विचची जोडी उलटी लागली तरी चालते, पण शेजारच्या पिनांवर बसली तर बटण मेल्यासारखं वाटतं. शंका असेल तर बटणाची वायर काढून त्याच दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकव. मशीन उठलं तर दोष बटणाचा किंवा त्याच्या वायरीचा.

११. पॉवर सप्लायचा डबा कधीच उघडू नकोस, केबल काढलेली असली तरी – आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढी वीज साठून राहते. व्हिडिओत हिरव्या-काळ्या वायरीला तार लावून तो तपासतात, ते दुकानातल्या टेस्टरवर करू दे.

पंखे फिरतात पण पडदा काळा, असं असेल तर लेकरा, अर्धी लढाई जिंकलास. वीज पोचलीय. मशीन चालू होताना आधी स्वतःची तपासणी करतं, १९८१च्या आयबीएम पीसीपासून ही रीत आहे, आणि अडलं तर कुठं अडलं ते सांगायचाही प्रयत्न करतं. आपण ऐकायचं.

१२. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लाव, बोर्डाच्या मागच्या भोकात नको – इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतं आणि एएमडी रायझन ५०००मधल्या ज्यांच्या नावात ‘जी’ नसतं, त्यांना स्वतःचं चित्र दाखवताच येत नाही.

१३. बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे असतील – सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो लागून राहतो तिथंच मशीन अडलंय. दिवे नसतील तर स्पीकरच्या पिनांवर छोटा बझर लाव. किती बीप आल्या ते पुस्तिकेशी ताडून बघ.

१४. रॅम काढून पुन्हा बसव, दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन, कडी स्वतःहून बंद होईपर्यंत. जोर लागतो, भिऊ नकोस – अर्धवट बसलेली रॅम बाहेरून अगदी नीट दिसते. कांडी एकच असेल तर प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत, दोन असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांना हेच आवडतं. डीडीआर-४ आणि डीडीआर-५, दोन्हींना २८८ पिना असतात, पण मधली खाच सरकलेली असते, म्हणून एकाच्या जागी दुसरी बसत नाही. बसत नसेल तर घासू नकोस, डब्यावरचं नाव वाच.

१५. डीडीआर-५चं मशीन पहिल्यांदा चालू करशील तेव्हा काही मिनिटं काळा पडदा बघत बसायची तयारी ठेव – बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, आणि तू घाबरून मधेच बंद केलंस की ते जुळवणं पुन्हा पहिल्यापासून. पंधरा मिनिटं दे त्याला. अंगणात एक चक्कर मारून ये.

१६. बोर्डावरची सीआर २०३२ ही चपटी बॅटरी केबल काढून पाच मिनिटं बाहेर ठेव, मग परत बसव – बायॉसच्या बिघडलेल्या सेटिंग पुसल्या जातात.

१७. बोर्ड आधीच्या पिढीचा आणि प्रोसेसर नवा असेल तर दुकानदाराला फोन करून बायॉस कुठली आहे ते विचार – बी-६६० बोर्ड इंटेलच्या १२व्या पिढीबरोबर आले, त्यांतल्या जुन्या बायॉसला १३व्या पिढीची ओळखच नसते. काही बोर्डांना ‘फ्लॅशबॅक’चं बटण असतं, फॅट-३२ केलेल्या पेन ड्राइव्हवरून प्रोसेसरशिवायही बायॉस बदलता येते. ते चालू असताना वीज जाता कामा नये, म्हणून तेवढ्यापुरता यूपीएस परत लाव.

१८. मशीन चालू होऊन थोड्याच वेळात बंद पडत असेल तर कूलर काढून त्याच्या खालचा प्लॅस्टिकचा कागद काढलास का ते बघ, आणि पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’वरच आहे का तेही – प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की जीव वाचवायला स्वतःच बंद होतो. कूलर काढला की पेस्ट पुसून नवी लाव.

१९. एवढं करूनही उठेना, तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेव; प्रोसेसर, कूलर, रॅमची एक कांडी आणि पॉवर सप्लाय, बाकी काही नको. चित्र कार्डावरूनच येणार असेल तर कार्डही ठेव. डाळीत खडा लागला की आपण ताटात पसरूनच बघतो, तसंच. इथं उठलं तर दोष कॅबिनेटमध्ये आहे – बोर्डाखाली एखादा पितळी स्क्रू नको त्या जागी राहिला असेल आणि तो मागून टेकत असेल. ज्या चकचकीत पिशवीत बोर्ड आला तिच्यावर मात्र ठेवू नकोस, तिच्या बाहेरच्या बाजूतून वीज वाहू शकते.

२०. प्रोसेसर काढायचाच झाला तर सोनेरी त्रिकोण त्रिकोणाशी जुळव आणि अलगद सोड, दाबू नकोस. घाईचा हात, वाकडी पिन – आणि वाकलेली पिन वॉरंटीत धरत नाहीत. सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण जपून ठेव; बोर्ड परत करायचा झाला तर तेही मागतात.

२१. पडद्यावर बायॉस दिसली आणि ‘बूट डिव्हाइस नाही’ असं आलं तर पेढे वाट, मशीन चांगलं आहे – नव्या डिस्कवर अजून विंडोज किंवा उबुंटू टाकलेलंच नाही. डिस्कच दिसत नसेल तर पुस्तिका बघ; काही बोर्डांत एम-२ खाच वापरली की साटाची एखादी जागा बंद होते.

२२. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिही. एका वेळी एक, तरच सापडे मेख – तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन उठलं, तर कशानं उठलं ते कधीच कळत नाही आणि पुन्हा बसलं की पुन्हा तीच रात्र.

२३. मशीन उघडं टाकून झोपू नकोस, वरून धुतलेली चादर टाक – पाल, मुंग्या आहेतच, आणि हळद पॉलिश करायच्या दिवसांत तर पिवळी धूळ खिडकी बंद असली तरी आत येते. उन्हाळ्याच्या शेवटी वळवाचं आभाळ गडगडायला लागलं की पॉवरची आणि इंटरनेटची, दोन्ही वायरी काढ.

२४. प्रत्येक भागाचं पक्कं बिल आणि सिरीयल नंबरचा फोटो मोबाइलमध्ये ठेव, डबे फेकू नकोस. वॉरंटीत असलेला भाग कुणी बदलून देईना तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, भांडायची गरज नाही – हाती पावती, तर शब्दाला वजन.

२५. शेवटी दुकानातच न्यायची वेळ आली तर ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या डब्यात घाल आणि कॅबिनेट आडवी धर, मदरबोर्ड खालच्या अंगाला येईल अशी – एसटीच्या गचक्यांत जड कार्ड आपल्या वजनानं खाच मोडतं. मांडीवर घेऊन बस, टपावर किंवा डिकीत देऊ नकोस. वही बरोबर ने आणि तुझं सांगणं नंतर, आधी ती दुकानदारापुढं ठेव.