नाव ठेवणे आणि नावे ठेवणे : कल्पित पात्रांची नावे व मराठी नामकरण

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' हे दोन वाक्प्रयोग केवळ वचनभेदाने परस्परांपासून फार दूर गेले आहेत. पहिल्याचा संबंध बारशाशी, दुसऱ्याचा निंदेशी. साहित्यकृतीतील पात्रांच्या नावांचे समाजात पुढे काय होते, हे पाहू लागल्यास हा भेद अनपेक्षितपणे उपयोगी पडतो. काही पात्रांची नावे समाज आपल्या मुलांना ठेवतो. काही पात्रांच्या नावांनी तो इतरांना नावे ठेवतो. 'शारदा' ही पहिल्या वर्गातली, 'तळीराम' हा दुसऱ्या. साहित्यकृतीच्या स्वागताचा विचार करताना परीक्षणे, आवृत्त्या, प्रयोगसंख्या, लेखकाचा पत्रव्यवहार ही साधने आपण नित्य वापरतो. नामकरण हेही अशा स्वागताचेच एक साधन आहे. मात्र ते निसरडे आहे, आणि त्याचा वापर करण्यापूर्वी त्याची मर्यादा नीट ओळखली पाहिजे.

युरोपीय साहित्यात हा शोध तुलनेने सोपा आहे. 'व्हॅनेसा' हे नाव जोनाथन स्विफ्टने एस्थर व्हॅनहॉम्री या आपल्या परिचित स्त्रीच्या आडनावाचा व नावाचा अंश जोडून घडविले; ज्या कवितेत ते येते ती १७२६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर जन्मलेल्या कोणत्याही व्हॅनेसाच्या नावाचे मूळ अखेरीस त्या कवितेपर्यंत पोचते. 'सेड्रिक' हे नाव वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅनहो' (१८१९) या कादंबरीतले. 'सर्डिक' या प्राचीन सॅक्सन राजनामाची अक्षरे उलटसुलट होऊन ते बनले असे मानले जाते. पण तेथेही वाचनाचा व नामकरणाचा संबंध सरळ नसतो. मॅक्फर्सनच्या ओसियन-काव्यांवर लुब्ध असलेल्या नेपोलियनने सेनानी बर्नादोतच्या १७९९ मध्ये जन्मलेल्या मुलाला 'ऑस्कर' हे नाव दिले. पुढे तो स्वीडनचा राजा झाला आणि राजाचे नाव म्हणून ते उत्तर युरोपात घरोघर गेले. ज्यांनी ते आपल्या मुलांना ठेवले त्यांपैकी कितीजणांनी ओसियन उघडला असेल?

मराठी लेखकाने पात्रासाठी नवे नाव घडविल्याची उदाहरणे विरळ आहेत. त्याच्यापुढे संस्कृत काव्यनाटकांचा, पुराणांचा, नद्यांचा, नक्षत्रांचा आणि फुलांचा मोठा नामसंग्रह तयार होता, आणि त्याच संग्रहातून आईबापही नावे उचलीत होते. एकाच विहिरीवर दोघे पाणी भरीत असता एकाच्या घागरीतले पाणी दुसऱ्याने दिले असे म्हणणे धाडसाचे ठरते. 'यमुना' या नावाचे उदाहरण या दृष्टीने बोधक आहे. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. त्यानंतर १८६२ मध्ये रमाबाई रानडे व १८६५ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म झाला, आणि दोघींचेही माहेरचे नाव यमुनाच. सनावळी पुढे ठेवून कोणी कार्यकारणभाव मांडू लागल्यास तो वरवर पाहता बिनतोड वाटेल. परंतु ख्रिस्ती धर्मप्रचाराच्या हेतूने लिहिलेल्या त्या पुस्तकावरून सनातनी ब्राह्मण घरांनी आपल्या मुलींची नावे ठेवली असतील, असे म्हणणे हास्यास्पद होईल. 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये हरिभाऊ आपट्यांनी नायिकेला यमू म्हटले, ते तर हे नाव घरोघर होते म्हणूनच. वास्तववादी कादंबरीकार समाजाकडून नाव घेतो. त्यामुळे त्याने समाजाला नाव दिल्याचे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते. हेच साने गुरुजींच्या श्यामविषयीही म्हणता येईल.

याच्या उलट टोकाला 'उल्का' आहे. वि. स. खांडेकरांची या नावाची कादंबरी १९३४ ची. मनुस्मृतीने स्त्रीचे नाव उच्चारास सुकर, मंगलसूचक आणि दीर्घ स्वरान्त असावे असे सांगितले आहे. मालती, रेवती, रागिणी ही नावे त्या कसोटीस उतरतात. 'उल्का' दीर्घान्त खरी, पण मंगल नव्हे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उल्कांच्या लक्षणांना स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यांची गणना उत्पातांत होते. तळहातावर आलेल्या मुलीला आत्याने 'उल्का' म्हणून हाक मारावी, असे परंपरेत काहीही नाही. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या मराठी मध्यमवर्गात हे नाव अपरिचित राहिले नाही. येथे कादंबरीचे ऋण मानण्यास आधार आहे, कारण नामसंग्रहातून ते आपोआप हाती येण्याचा संभव फार थोडा. यावरून एक कसोटी मिळते : नाव परंपरेच्या जितके विरुद्ध, तितकी त्याची साहित्यिक उत्पत्ती अधिक विश्वसनीय.

कादंबरीपेक्षा नाटकाचा मार्ग अधिक रुंद होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अक्षरओळख मोजक्यांना होती, पण १८८० मध्ये किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आणि १८८२ मध्ये 'सौभद्र' रंगभूमीवर आल्यानंतर शकुंतला, प्रियंवदा, अनसूया, सुभद्रा ही नावे पदांच्या चालींसह कानी पडू लागली. नाव हे मुळात कानाचे आहे. बारशालाही ते कानातच सांगितले जाते. नाटकातील हाक, तिची लकब, तिच्यावर बेतलेले पद यांमुळे पुराणातले नाव घरात घेण्याजोगे होते. 'देवयानी' हे नाव महाभारताचे. पण खाडिलकरांचे 'विद्याहरण' (१९१३) आणि खांडेकरांची 'ययाति' (१९५९) या दोन कृती मध्ये असल्यामुळे एखाद्या देवयानीचे नाव नेमके कोठून आले हे ठरविताना तिचे जन्मवर्ष पाहावे लागते, आणि तेही पुरे पडत नाही. देवलांच्या 'शारदा' (१८९९) नाटकाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. बालाजरठविवाहाविरुद्धच्या या नाटकाचा प्रभाव एवढा की १९२९ च्या बालविवाहप्रतिबंधक कायद्याला लोक म्हणत असलेले 'शारदा कायदा' हे नाव देवलांच्या नायिकेवरून आले, अशी समजूत अजूनही आढळते. वस्तुतः ते हरबिलास सारडा या विधेयक मांडणाऱ्या सभासदाच्या आडनावाचे मराठी रूप आहे. चुकीची असली तरी ही समजूत स्वतःच स्वागताचा पुरावा होय.

पात्राचे नाव घेताना समाज पात्राचे काय घेतो, हा यापुढचा प्रश्न. सर्वसाधारण उत्तर असे दिले जाते की आदर्श पात्रांची नावे उचलली जातात. हे अर्धेच खरे आहे. 'एकच प्याला' (१९१९) मधील सिंधूच्या वाट्याला येणारे दुःख कोणत्याही आईने मुलीसाठी इच्छिले नसेल, आणि सुधाकर तर दारूपायी संसाराची राख करणारा; पण या नाटकाने ना 'सिंधू' नावास बाधा आली, ना 'सुधाकर' नावास. कारण ही नावे नाटकाच्या आधीपासून स्वतंत्रपणे उभी होती : एक नदीचे, एक चंद्राचे. पात्राचा शेवट त्यांना चिकटला नाही. उलट 'तळीराम' या नावाला नाटकाबाहेर आधार नव्हता. ते पात्रात पूर्ण बुडाले आणि मद्यप्याचे सामान्यनाम म्हणून वर आले. वा. बा. केळकरांनी शेक्सपिअरच्या कर्कशेला दिलेले 'त्राटिका' हे नाव रामायणातील राक्षसीचे. त्याचेही तेच झाले. आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच' (१९६२) मधील लखोबा लोखंडे हा भामट्याचा पर्याय बनला. विनोदी किंवा खलपात्राचे आगळे नाव सामान्यनाम होते आणि नायकनायिकेचे रूढ नाव विशेषनाम राहते, असे या उदाहरणांवरून दिसते. 'शारदा'तील जरठ वर भुजंगनाथ याचे नाव बारशाला कोणी सुचविले असेल, असे वाटत नाही.

पात्राच्या दैवापेक्षा त्याची सामाजिक पायरी अधिक आड येते. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक'चे देवलांनी मराठी रूपांतर केले, आणि 'चारुदत्त' हे नाव मराठी घरांत सहज रुळले. ज्या स्त्रीच्या औदार्यावर ते नाटक उभे आहे त्या वसंतसेनेचे नाव मात्र क्वचितच कोणी मुलीला ठेवले. गणिकेचे नाव घरात नको, एवढेच त्याचे कारण. देवलांच्याच 'संशयकल्लोळ'मधली रेवती नायकिणीची मुलगी आहे. पण रेवती हे नक्षत्र आहे, बलरामाची पत्नी आहे, आणि या जुन्या आश्रयामुळे ते नाव निर्धोक राहिले. त्याच नाटकातला संशयी फाल्गुनराव मात्र 'नावे ठेवण्या'कडे गेला. प्रेक्षक नाटक संपल्यावरही निवाडा करीत असतो, आणि त्याचा निवाडा नाटककाराच्या निवाड्याशी जुळतोच असे नाही. देवल प्रेक्षकाकडून वसंतसेनेविषयी आदर मागतात. प्रेक्षक रंगमंदिरात तो देतो आणि घरी परतल्यावर मागे घेतो.

मराठी समाजापुरता आणखी एक घटक लक्षात घेणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रातील अनेक समाजांत स्त्रीचे नाव दोनदा ठेवले जाई. बारशाला वडीलधाऱ्यांचा अधिकार चाले : नावरस नावाचे अक्षर, कुलदैवत, आजीचे नाव यांतून सुटून नवे नाव सुचविण्यास वाव थोडा. लग्नात ताटातील तांदळांवर अंगठीने लिहिलेले नाव मात्र वराकडचे असे, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून तो वर पुष्कळदा शिकलेला, मासिके वाचणारा, नाटकांना जाणारा तरुण होता. वामन मल्हार जोशींच्या 'रागिणी' किंवा 'नलिनी' या नायिकांची नावे घरात शिरण्यास पाळण्यापेक्षा हे ताट अधिक सोयीचे होते, असे अनुमान करता येते. ते खरे असेल तर मराठीत साहित्यातून आलेले नाव प्रथम पत्नीला आणि मागाहून मुलीला मिळाले असे म्हणावे लागेल. या प्रथेची दुसरी बाजूही विसरता येत नाही. वर उल्लेखिलेल्या दोन्ही यमुनांचे नाव लग्नात पुसले गेले. गोदूबाईंचा पुनर्विवाह होऊन त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. बाळूताई खरे यांनी 'विभावरी शिरूरकर' हे नाव स्वतः निवडले ते पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी. 'मालती' हे नाव लग्नानंतरचे. नायिकेचे सुंदर नाव मिळालेल्या स्त्रीला ते हवे होते का, हे त्या तांदळांनी विचारले नव्हते.

नाव निवडण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न जातीच्या संदर्भात अधिक तीव्र होतो. ब्राह्मणाचे नाव मंगल आणि शूद्राचे जुगुप्सित असावे, असे मनुस्मृतीचे विधान आहे. धोंडो, दगडू, कचरू यांसारखी नावे सर्वच थरांत आढळतात. पण आधीची मुले न जगलेल्या घरात दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेले 'धोंडो' आणि गावाने लादलेले 'धोंड्या' यांत अंतर आहे. पहिले नाव धारण करणारे कर्वे महर्षी झाले तरी त्या नावाने त्यांना कोणी हिणवले नाही. दया पवारांच्या 'बलुतं'ची (१९७८) उभारणीच दगडू मारुती पवार आणि दया पवार या एकाच माणसाच्या दोन नावांतील संवादावर झालेली आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा ही नावे बौद्ध घरांत आली. ही कल्पित पात्रे नव्हेत, त्यांचा विचार येथे त्या अर्थाने होऊ शकत नाही. तरी नाव ग्रंथातून घेण्याची कृती तीच आहे, आणि तिचा भार कितीतरी अधिक. मध्यमवर्गीय घरात 'रागिणी' ही आवड होती. या घरांत 'सिद्धार्थ' हे पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेल्या अधिकाराचे ग्रहण होते.

म्हणून प्रत्यक्ष संशोधनाची साधने निवडताना काळजी घ्यावी लागते. शाळांची जनरल रजिस्टरे या कामी सर्वांत उपयुक्त : त्यांत नाव, जन्मतारीख, जात व वडिलांचे नाव एकत्र मिळते, आणि १९३४ च्या आधीची व नंतरची पाने ताडून 'उल्का'सारख्या नावाची परीक्षा घेता येते. पण त्यांत फक्त कागदावरचे नाव असते. विवाहित स्त्रीचे दुसरे नाव तेथे कधीच येत नाही. त्यासाठी जुन्या लग्नपत्रिका आणि शिधापत्रिका यांकडे, आणि त्याहीपेक्षा वृद्ध स्त्रियांच्या तोंडी साक्षीकडे वळावे लागते. धोंड्या व धोंडो यांतला फरक तर रजिस्टर नोंदवीतच नाही. मास्तर दोघांचेही नाव 'धोंडू' असेच लिहीत.