ससा पाळताय? आधी त्याची भाषा शिका!

मुलांनो, ससा भुंकत नाही की म्याँव करत नाही. तो अंगाने बोलतो. मागचा पाय जमिनीवर आपटला, तर त्याला धोका वाटतोय. उडी मारून हवेतच अंग वळवलं, तर स्वारी खुशीत आहे! त्याला कान धरून कधीच उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली ठेवा. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावून झिजतात. म्हणून गाजर थोडंसंच, सुकं गवत मात्र भरपूर द्या.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रानात दुबळा ससा आधी शिकार होतो, म्हणून ससा आजार लपवतो. 10-12 तास त्याने काही खाल्लं नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर उद्यावर ढकलू नका. लगेच पशुवैद्यांकडे न्या.