फोन आला नाही त्या वर्षी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन साधारण जूनच्या अखेरीस येतो. "यंदा तुमची कथा हवीच. पंधरा ऑगस्टपर्यंत पाठवा, तीन हजार शब्दांत बसवा." मुलुंडला राहून, नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याला हा फोन म्हणजे मोठाच मान. बरीच वर्षं मी या फोनवर लिहिलं, छापूनही आलं. मग एक अंक बंद पडला, दुसऱ्याचे संपादक बदलले आणि एका पावसाळ्यात फोन आलाच नाही. त्या वर्षी माझ्या हातून एक ओळही उतरली नाही. मला वाटत होतं मला लिहायची सवय आहे. सवय होती ती मागणी पुरी करायची.

दोष दिवाळी अंकांचा नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेला या अंकांनी पोसलं आहे. पण पूर्वी त्यांच्या जोडीला बाराही महिने कथा छापणारी मासिकं होती. 'सत्यकथा' 1982 साली बंद झालं. तिथे कथा साभार परत यायची, कधी दुरुस्त्या सुचवणाऱ्या पत्रासकट, आणि लेखक ती पुन्हा लिहायला बसायचा. आता ऑगस्टमध्ये कथा परत पाठवायला सवड कोणाला? संपादकांच्या मागे जाहिराती आणि छापखाना लागलेला असतो. पहिला खर्डाच छापला जातो, आणि लेखकाला वाटतं, जमलं.

तेव्हा पहिलं सांगणं हे, की आपली कथा आपणच साभार परत करायला शिका. लिहून झाली की दोन-तीन महिने बंद ठेवा. माझी एक कथा मुलुंडच्या रिडेव्हलपमेंटला निघालेल्या इमारतीतल्या आजींची होती. घाईत लिहिलं होतं: 'घर सोडताना आजींचं मन भरून आलं.' दिवाळीनंतर छापील पानावर ते वाक्य वाचलं आणि लाज वाटली. मन भरून आलं हे मी सांगून मोकळा झालो होतो; आजींना काही करूच दिलं नव्हतं. ती कथा पुन्हा लिहिली. आता आजी तुळशीची कुंडी वॉचमनला देतात, दोन जिने उतरतात आणि परत वर येऊन कुंडीखालची ताटली तेवढी मागून नेतात. मन वगैरे शब्द गेले. मात्र अशी ताटली पहिल्या खर्ड्यात सापडत नाही, निदान मला तरी नाही.

लोकलमध्ये मोबाईलवर लिहा, असा सल्ला हल्ली फार मिळतो. ज्यांना जमतं त्यांना नमस्कार. माझ्या मते लोकल ऐकण्यासाठी आहे. चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून बसलेला माणूस शेजाऱ्याला म्हणतो, "घोडबंदरला फ्लॅट मोठा मिळाला हो, पण आईला लिफ्टची भीती." एवढंच टिपून ठेवावं, त्याच्याच शब्दांत, आपलं भाष्य न जोडता. कथेतली माणसं पुस्तकी का बोलतात, याचं उत्तर बहुतेक वेळा आपण कानांत इअरफोन घालून प्रवास करतो यात असतं.

"घरात जागाच नाही" ही उपनगरातली जुनी तक्रार. अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून लिहीत होते. त्यांची 'फकिरा' ही कादंबरी 1959 ची. पण हे उदाहरण देऊन कोणाला गप्प करू नये. अण्णाभाऊ पन्नाशीही गाठू शकले नाहीत, आणि त्या झोपडीचं कौतुक करणाऱ्यांपैकी कोणी तिथे राहायला जात नाही. जागेपेक्षा वेळ ठरवणं हाती असतं. मी सकाळी नळाला पाणी येतं त्या सुमारास उठतो. भांडी भरेस्तोवर स्वयंपाकघरातलं टेबल माझं. काही दिवशी पानभर होतं, काही दिवशी कालचं खोडणं होतं. खोडणं हेही कामच धरतो.

शब्दमर्यादा कथा पुरी झाल्यावर बघा. तीन हजारांचं माप मनात धरून लिहिलेल्या माझ्या जुन्या कथा ओळीने वाचल्या, तर प्रत्येकीत शेवटच्या परिच्छेदात कोणाला तरी फोन येतो किंवा जुनं पत्र सापडतं. जागा संपत आली की मी कलाटणी ठोकून द्यायचो.

एक वाचक मात्र जोडून ठेवा, शक्यतो न लिहिणारा. लिहिणारे मित्र एकमेकांना सांभाळून घेतात. मला मुलुंडमधल्याच एका वाचनालयात दिवाळी अंकांच्या योजनेत नाव घालणाऱ्या एक बाई भेटल्या. त्या सगळे अंक वाचतात आणि कथा कुठे सोडून दिली ते पान सांगतात. कारण विचारलं तर म्हणतात, "कंटाळा आला." याहून नेमकी समीक्षा मला अजून कोणी दिलेली नाही. आता त्या पानाच्या मागची दोन पानं मी आधी तपासतो.

फोन आता पुन्हा येऊ लागलेत. बासनात दोन-तीन तयार कथा असतील तर त्यातली एक देतो. नसेल तर "यंदा नाही जमणार" म्हणतो. संपादक रागावत नाहीत. त्यांच्या यादीत पुढचं नाव तयारच असतं.