दुसऱ्या मशीनआधी मेज

भोकरदन आणि आसपासच्या खेड्यांत घरून शिवणकाम करणाऱ्या बायकांकडे गेलं की एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी दिसते. कोपऱ्यात जुनी साडी टाकून झाकलेलं दुसरं मशीन. कुठे ते पिको-फॉलचं असतं, कुठे इंटरलॉकचं. त्याचा हप्ता चालू असतो आणि घरची बाई मात्र पुढच्या खोलीत चटईवर वाकून, डोक्यावरच्या एकुलत्या दिव्याच्या उजेडात ब्लाऊज कापत असते. मी हे काम इथेच करते. शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते ते याच दुसऱ्या मशीनबद्दल.

हे मशीन घेतलं जातं ते बहुतेक चांगल्या हंगामाच्या जोरावर. कापूस-सोयाबीनचा पैसा हातात आला की दिवाळीची शिवण येते, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, जूनमध्ये शाळेचे गणवेश येतात. गठ्ठे पुरे होत नाहीत, तेव्हा वाटतं की एक मशीन अजून हवं. मग बचत गटातून कर्ज काढायचं, नाहीतर दुकानदाराशी हप्ते ठरवायचे. पण आषाढ लागला की लग्नं थांबतात आणि बायकांचे हात शेतात गुंततात. काम हंगामी, हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला. मशीन हप्त्याने विकण्याची रीत तशी जुनीच. सिंगर कंपनीतले भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी 1856 मध्येच ती अमेरिकेत सुरू केली, कारण एकरकमी पैसे मोजणं तिथल्या घरांनाही झेपत नव्हतं. हप्ता वाईट नाही. मशीनला वर्षभर पुरेल एवढं काम आहे की नाही, हे न मोजता बांधून घेतलेला हप्ता वाईट.

आणि खरं नुकसान शिलाईत होतच नाही. शिलाई चुकली तर उसवता येते. कापणं चुकलं तर संपलं. साडीतलाच ब्लाऊजपीस असेल तर तसा दुसरा बाजारात मिळत नाही, आणि गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही. जमिनीवर बसून कापताना कापड एका बाजूने ताणलं जातं, दुमड सरकते, खडूची रेघ वाकडी जाते. दोन बाह्यांत अर्ध्या इंचाचा फरक पडतो तो इथे. त्यात अस्तर न भिजवता कापलं असेल तर पहिल्या धुण्यात ते आटतं, वरचं कापड तसंच राहतं आणि ब्लाऊजला चुण्या पडतात. सुती अस्तर आदल्या रात्री भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करूनच कापावं. यात खर्च काहीच नाही, फक्त एक रात्र आधी काम हातात घ्यावं लागतं.

म्हणून पैसे साठले की पहिली खरेदी मेजाची. सुताराकडून नवंकोरं करून घ्यायची गरज नाही. जुन्या लाकडाच्या दुकानात मिळणारं सपाट दार आणि लोखंडी घोड्यांची जोडी एवढ्यावर भागतं. लांबी पाच-साडेपाच फूट, रुंदी अडीच ते तीन फूट. उंची साधारण 34 ते 36 इंच, पण खरं माप ज्याचं त्याने घ्यावं: सरळ उभं राहून कोपर वाकवलं की मेज कोपराच्या थोडं खाली यायला हवं. बुटक्या बाईने उंच मेजावर काम केलं तर खांदे भरून येतात, बुटक्या मेजावर उंच बाईची कंबर जाते. वर जुनी गोधडी घट्ट ताणून त्यावर सुती चादर बांधली की हेच मेज इस्त्रीलाही चालतं. खाली पत्र्याच्या पेट्या सरकवता येतात. उंदरांपासून कापड वाचवायला या पेटीइतका भरवशाचा उपाय मला दुसरा माहीत नाही. कापडी पिशव्यांचा गठ्ठा ते एका रात्रीत कुरतडतात आणि भरपाई आपल्याला द्यावी लागते.

दुसरी खरेदी उजेडाची. मशीन खिडकीला असं लावावं की उजव्या हाताने काम करणारीला उजेड डावीकडून मिळेल, म्हणजे सुईवर हाताची सावली पडत नाही. रात्रीसाठी सुईच्या वर वाकवता येईल असा 9 वॅटचा एलईडी पुरतो. गडद कापडावर गडद दोरा ओवत डोळे फोडण्यापेक्षा हा खर्च फार लहान आहे. पत्र्याची खोली असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी तिथे बसूच नये. कापणं पहाटे, शिलाई संध्याकाळी, आणि दुपारी आतल्या खोलीत हुक-काजं नि हातशिलाई.

मशीनबद्दल. सुरुवातीला साधं काळं पायमशीन बास आहे. उषा मशीन 1930 च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्समध्ये बनू लागलं, आणि जुन्या धाटणीची काळी मशीनं आजही दुरुस्त होतात, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. जुनं घेत असाल तर मशीनवर शिवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पातळ कापडाची दुहेरी घडी आणि जाड कापडाची चौपदरी घडी, दोन्ही एका दमात शिवून बघा. टाका सुटतो का, खालचा दोरा गुंततो का, चाक हलवलं की खडखडतं का, हे तिथेच कळतं. तेल मशीनचंच घाला. घरातलं खोबरेल थंडीत गोठतं, गोडेतेल जुनं झालं की चिकट होतं आणि मशीन जाम होतं. तेल दिल्यावर आधी चिंधीवर दोन-चार ओळी शिवा, नाहीतर पहिला डाग गिऱ्हाइकाच्या रेशमावर पडतो. सुई कापडानुसार बदला: रेशीम-जॉर्जेटला 11 नंबर, सुतीला 14, जाड कापडाला 16. मोटर बसवली तरी पायंडल आणि पट्टा काढून टाकू नका. वीज गेली आणि उद्या हळद असेल तर हाच पट्टा घर सावरतो.

विजेचं बिल वाढतं ते मशीनने नाही, इस्त्रीने. इस्त्री साधारण हजार वॅटची असते, म्हणून दिवसभर थोडी थोडी करण्यापेक्षा सगळे कपडे एका बैठकीत इस्त्री करावेत. घराच्या मीटरवर धंदा चालतो का, हा प्रश्न नेहमी येतो. घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल आणि वापर ठरलेल्या मर्यादेत असेल तर महाराष्ट्रात घरगुती दरच लागू राहतो. ती मर्यादा महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावी.

भोकरदन हे बाजाराचं गाव. सातवाहनांच्या काळात भोगवर्धन म्हणून ओळखलं जात होतं तेव्हाही होतं. केळणा नदीकाठी 1970 च्या दशकात झालेल्या उत्खननात इथल्या हस्तिदंती कारागिरीचा पुरावा मिळाला. आजही खेड्यांतल्या बायका आठवडी बाजाराला येतात तेव्हाच कापड टाकतात आणि पुढच्या बाजाराला न्यायला येतात. त्यामुळे वायदा तारखेचा नाही, बाजाराचा द्यावा. बाजार चुकला की तिची एक फेरी वाया गेली आणि भाडं गेलं. एक वही ठेवा. एका पानावर एक गिऱ्हाईक: मापं, गळ्याचं चित्र, कापडाचा टाचलेला तुकडा, ठरलेली मजुरी, दिलेली आगाऊ रक्कम. उरलेलं कापड कामासोबत परत द्या. चिंध्या मागून घेतल्यात तर गोधडी होते, न मागता ठेवल्यात तर बोल लागतो.

दुसरं मशीन कधी घ्यायचं? वहीतली बारा महिन्यांची पानं उलटा. पिकोसाठी दर महिन्याला बाहेर जाणारे पैसे हप्त्याहून जास्त असतील, आणि तेही आषाढ-श्रावणासकट, तरच घ्या.

शेवटी योजनांबद्दल, कारण फसवणूक इथेच होते. 'प्रधानमंत्री मोफत शिलाई मशीन' या नावाने मोबाइलवर फिरणारे फॉर्म खोटे आहेत, हे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानेच जाहीर केलेलं आहे. खरी योजना आहे ती पीएम विश्वकर्मा, 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेली. तिच्या 18 व्यवसायांत दर्जी येतो. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज 500 रुपये, हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं व्हाउचर आणि पुढे 5 टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात 1 लाखापर्यंत कर्ज, असं तिचं स्वरूप. नोंदणी सामायिक सेवा केंद्रात आधारवर होते, कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि खेड्यात पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. दर्जी व्यवसायाची नोंदणी सध्या चालू आहे का, हे केंद्रावर आधी विचारा. कुणी घरी येऊन फॉर्मचे पैसे मागितले किंवा फोनवर ओटीपी मागितला तर देऊ नका, आणि शेजारच्या बाईलाही सांगा.